काकू, तुम्ही हॉल शिकवलात

मला कमरेचा पट्टा बांधायला शिकवला तो बारा वर्षांच्या एका पोरानं. २०१६चा जून. मी छत्तीसची. लेकीला कराटेच्या क्लासला सोडायचं, बाहेरच्या पायरीवर मोबाइल बघत तासभर बसायचं आणि तिला घेऊन सांगलीतल्या विश्रामबागला परत, असं दोन महिने चाललेलं. एक दिवस सर बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, नुसतं बसण्यापेक्षा आत या की." पाऊस होता, पायरी ओली होती, म्हणून गेले. त्यापेक्षा थोर कारण काही नव्हतं.

त्या पोराचा पट्टा तेव्हा हिरवा. मला वाटलं, आता हा माझ्यासमोर उभा राहणार आणि "असं करा, तसं करा" सांगणार. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, दोघांची तोंडं भिंतीकडं. मग स्वतःचा चांगला बांधलेला पट्टा त्यानं सोडला. "काकू, माझ्याकडं बघा. मी बांधतो तसं बांधा." पट्ट्याचा मध्य बेंबीवर, दोन्ही टोकं मागं नेऊन फिरवून पुढं, एक टोक दोन्ही पदरांच्या खालून वर, मग गाठ. माझं एक टोक गुडघ्यापर्यंत आणि दुसरं वीतभर. त्यानं परत स्वतःचा सोडला. तिसऱ्यांदा जमलं. या सगळ्यात त्यानं माझ्या पट्ट्याला एकदाही हात लावला नाही.

समोर का उभा राहिला नाहीस, असं मी बऱ्याच दिवसांनी विचारलं. "समोर राहिलं की माझा डावा तो तुमचा उजवा होतो," म्हणाला. बारा वर्षांचा पोरगा! मी हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. नवीन पोरांना खतावणी शिकवताना कायम टेबलाच्या पलीकडं बसून वही उलटी फिरवून दाखवत आले होते, हे तेव्हा लक्षात आलं.

(हळदीवरून आठवलं. माझा कराटेचा ड्रेस कधीच पांढराशुभ्र राहिला नाही. मार्केट यार्डातून थेट क्लासला जायचं म्हणजे पिशवीला, केसांना, हाताला हळद. हंगामात तर लेक मला "हळदी बेल्ट" म्हणायची.)

पहिल्याच आठवड्यात त्या पोराला वाकून "ओस", म्हणजे कराटेतला नमस्कार, म्हणायची वेळ आली आणि मला कसंसंच झालं. सरांना ते दिसलं असणार. त्यांनी फळ्यावर दोन जपानी अक्षरं काढली. सेन्सेई, म्हणजे शिक्षक. पहिल्या अक्षराचा अर्थ आधी, दुसऱ्याचा जन्म. सेनपाई, म्हणजे आपल्या आधीपासून शिकणारा, या शब्दातलं पहिलं अक्षरही तेच.

"म्हणजे हा माझ्या आधी जन्मला?" मी.

"या हॉलमध्ये, होय."

सरांना असल्या गोष्टी सांगायची हौस आहे. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी हे शाळामास्तर, त्यांनी १९२२ साली कराटे टोकियोत नेऊन दाखवलं. पट्ट्यांची पद्धत कराटेची मुळातली नव्हेच, ती ज्युदोच्या जिगोरो कानो यांच्याकडून आली. कानोंनी १८८२ साली कोदोकान सुरू केलं आणि तेही शिक्षकच. दोघंही मास्तर. मी मास्तराची मुलगी असल्यामुळं असेल, पण हे ऐकल्यावर मला या प्रकाराबद्दल जरा आपलेपणा वाटायला लागला. तोवर कराटे म्हणजे कौलं फोडणं, एवढंच माझं ज्ञान.

घरी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सगळं सांगावं लागायचं. मामा तरुणपणी तालमीतले. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ला जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत सोनं आणलं तेव्हा मामा शाळेत होते, आणि पुढंही मानेंचं नाव निघालं की कानाला हात लावायचे. कराटेबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपलं होतं: "वाऱ्यावर बुक्क्या मारायच्या." पण हॉल कोण झाडतं, हे मात्र त्यांनी विचारलं. म्हटलं, मोठी मुलं. तेव्हा मान हलवली. "आमच्या तालमीत हौदा खणायचा मान तयार पैलवानाचा. नव्यानं नुसतं बघायचं. ताक, तेल, हळद मातीत किती मुरलीय ते त्याला काय कळतंय?"

आमच्या हॉलमध्येही उतरंड उलटीच होती. पांढऱ्या पट्ट्यानं फक्त स्वतःची चप्पल सरळ लावायची. पिवळ्यानं मॅट मांडायच्या. हिरव्यानं झाडायचं, त्याच्या पुढच्यांनी फरशी पुसायची. आणि ब्राऊन बेल्टकडं संडास-बाथरूम. पट्टा जितका गडद तितकं काम घाण. जपानात सरावानंतर दोजो, म्हणजे सरावाचा हॉल, पुसायची जुनी रीत आहे, ती सरांनी घेतली. संडासाची भर त्यांची स्वतःची. एका पालकानं तक्रार केली होती की आम्ही फी भरतो आणि मुलगा संडास घासतो. सर म्हणाले, "अजून नाही घासत. त्याला दोन वर्षं आहेत."

२०१८च्या दिवाळीनंतर सरांनी माझ्याकडं सहा पांढरे पट्टे दिले. वय सात ते नऊ. त्यांचा नियम होता की ब्लॅक बेल्टला बसायच्या आधी एक तरी तुकडी शून्यापासून परीक्षेपर्यंत न्यायची. मला काळजी नव्हती. एक पोर वाढवलंय, दुकानात चार माणसं हाताखाली आहेत, सहा चिल्लीपिल्ली म्हणजे काय!

पहिला महिना मी ओरडण्यात घालवला. "सरळ उभा राहा", "इकडं बघ", "किती वेळा सांगायचं". घरातला आवाज तसाच्या तसा हॉलमध्ये आणला होता. सहातली एक मुलगी यायची बंद झाली. आईनं फोनवर सांगितलं, अभ्यास आहे. दुसरीचा अभ्यास! पुढं कधीतरी ती मुलगी मारुती रोडवर दिसली आणि आईच्या मागं लपली. मी हाक मारली नाही. तिच्या जागी सरांनी दुसऱ्या एकाला आणून बसवलं आणि मला काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग मी शहाणी झाले, म्हणजे मला तसं वाटलं. परीक्षेला हेआन शोदान हा पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली, होता. एकवीस मोजण्या. पहिलीला डावीकडं वळून खालचा ब्लॉक, दुसरीला पाऊल टाकून पंच. तिसरीला पुढचा उजवा पाय मागं ओढून पूर्ण पाठमोरं वळायचं, आणि तिथंच सगळी पोरं हरवतात. पाय कुठला काढायचा, वळायचं कुणीकडून, चौथीला हात ओढून घेऊन मुठीचा हातोडा मारायचा की नुसता पंच. एक गोल चेहऱ्याचा मुलगा तर दर वेळी पहिल्यालाच उजवीकडं जायचा. डावा म्हटलं की उजवा, उजवा म्हटलं की क्षणभर थांबून डावा. "घास खायचा हात तो उजवा," असं त्याला शंभरदा सांगून झालं. पोरांनी त्याचं नाव डावा-उजवा पाडलं, आणि खरं सांगायचं तर मीही तेच म्हणायचे.

तेव्हा मला युक्ती सुचली. आमच्या हॉलला डावीकडं मोठी खिडकी, उजवीकडं दार आणि समोरच्या भिंतीवर मारुतीची तसबीर. पहिल्या दोन हालचाली खिडकीकडं, पुढच्या तीन दाराकडं, मग चार समोर आणि त्यातल्या चौथीला किआय, म्हणजे जोराची आरोळी. मी त्याचं गाणंच केलं. "खिडकी दोन, दार तीन, मारुती चार!" आणि ओरडा. दोन आठवड्यांत सहाच्या सहा पोरं धडाधड काता करायला लागली. डावा-उजवासुद्धा. एका संध्याकाळी पालकांना आत बोलावून दाखवलं, टाळ्या पडल्या. सर मागं हाताची घडी घालून उभे होते. त्यांना कळलं नसेल, असं मला आजही वाटत नाही. पण बोलले नाहीत.

फेब्रुवारी २०१९मध्ये परीक्षा मिरजेला होती. हॉल प्रशस्त. दोन्ही बाजूंना दोन-दोन दारं, खिडक्या पार वर छताला लागून, समोर स्टेज आणि मरून रंगाचा पडदा. परीक्षकांनी "इची", म्हणजे एक, म्हटलं. माझी सहा पोरं. दोन डावीकडं गेली, एक उजवीकडं. एक जागेवर उभा राहून वर खिडकी शोधत होता. एकीनं डोळे मिटून घेतले. आणि डावा-उजवा मान वळवून गर्दीत मला शोधायला लागला.

त्या सहाही जणांना महिन्याभरानं परत या, असं सांगितलं. दुसऱ्या कुणाचंही पोर परत पाठवलं नाही. येताना रिक्षात मी लेकीशी एक शब्द बोलले नाही, ती दोन पायऱ्या चढून पास झाली होती तरी. त्याची माफी पुढं मागितली.

सोमवारी मी हॉल झाडत होते आणि तो पोरगा, आता पंधराचा आणि मिसरूड फुटलेला, बादली घेऊन बाथरूमकडं चालला होता. जाता जाता म्हणाला, "काकू, रागावू नका. तुम्ही हॉल शिकवलात. काता नाही शिकवलात."

रागावलेच मी. दोन दिवस. त्यातही राग याचा होता की हे मला बाथरूम घासायला निघालेल्या माणसानं सांगितलं, त्यामुळं उलटून बोलायलाही जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी त्यालाच विचारलं की काय करू. त्यानं मला काही सांगितलं नाही. डावा-उजवाला बोलावलं, खिशातला टेनिस बॉल काढला आणि म्हणाला, "टाक." पोरानं डाव्या हातानं टाकला. परत. परत डाव्याच. "चित्र कुठल्या हातानं काढतोस?" पोरानं डावा हात वर केला आणि लगेच खाली घेतला. घरी त्याला उजव्या हातानं जेवायला लावायचे, आजी डाव्या हातावर चापट मारायची. म्हणजे 'घास खायचा हात' हा त्याच्यासाठी आजीचा हात होता, त्याचा स्वतःचा दुसराच. मी चार महिने त्या मुलासमोर उभी होते. बॉल टाक, एवढं म्हणायला किती लागलं असतं?

पुढचा महिना आम्ही रोज वेगळ्या भिंतीकडं तोंड करून सुरुवात केली. कधी दाराकडं, कधी कोपऱ्यात तिरकं. मी समोर उभं राहणं सोडलं. पोरांच्या रांगेत, त्यांच्यातच, शेवटच्या जागेवर. माझ्या वळणाला माझीच कंबर धरली तर पोरं खुसूखुसू हसायची आणि त्या हसण्यात त्यांचं वळण बरोबर यायचं. डावा-उजवाला मी 'बॉलचा हात' म्हणायला लागले. सगळे पास झाले. पालकांना आत बोलावलं नाही.

मग ऑगस्ट आला.

सांगलीत पावसाळ्यात कुणी "पाऊस किती?" विचारत नाही. "आयर्विनला किती?" विचारतात, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे आकडे इथं पोरांना पाढ्यांसारखे पाठ. आमचा हॉल गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या सांगलीत, तळमजल्यावर. २००५च्या पुरात त्या इमारतीत पाणी कुठवर आलं होतं त्याची भिंतीवर खूण होती. सरांनी त्या हिशेबानं मॅट आणि पॅड खुणेच्या हातभर वर, फळ्यांच्या माळ्यावर ठेवले. २०१९ला आयर्विनची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. खूण, माळा, मारुतीची तसबीर, सगळं पाण्यात.

स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पाणी उतरलं तेव्हा मी विश्रामबागहून गेले. आमच्याकडं पाणी आलं नव्हतं, आणि तेव्हा त्याची लाज वाटत होती. गाळाचा तो वास लिहून सांगता येणार नाही. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही. गाळ ओला असतानाच ढकलावा लागतो, एकदा वाळला की फावडंसुद्धा उसळतं. त्यामुळं घाई.

मी वही आणली होती. कोण काय करणार याची यादी करायला. हिशेबनिसाची खोड. चौदाच्या वरची मुलं, काही पालक, सर. मी "तुम्ही इकडं, तुम्ही तिकडं" सुरू केलं. तेवढ्यात बघते तर तो पोरगा गमबूट घालून थेट बाथरूममध्ये शिरला होता. तुंबलेल्या, वरपर्यंत भरलेल्या. त्याच्याकडं ब्राऊन बेल्ट होता, ते त्याचं काम होतं, यादी बघायचं कारणच नव्हतं. त्याच्या मागं हिरवे झाडू शोधायला लागले, पिवळे फुगलेल्या मॅट ओढायला. मी वही पिशवीत टाकली आणि फावडं घेतलं.

आमचा हॉल दुपारपर्यंत बरा झाला. मग शेजारच्या एका आजींचं घर. त्यांच्या कापसाच्या गाद्या पाणी पिऊन इतक्या जड झाल्या होत्या की एकेकीला चार माणसं लागली. त्या गाद्या त्यांच्या लग्नातल्या. त्या रडल्या नाहीत. "चहा करता येत न्हाई रं पोरांनो," एवढंच सारखं म्हणत राहिल्या.

आतल्या खोलीपासून रस्त्यापर्यंत गाळाच्या घमेल्यांची साखळी लावली. तिथं डावा-उजवा उगवला. त्याचंही घर गावभागातच, वडील तिकडं साफसफाईत, हा सुटलेला. घमेलं उचलायला लहान. सर म्हणाले, "तू मोज." तो उंबऱ्यावर उभा राहिला आणि सुरू झाला. "इची! नी! सान! शी!" पोराला चेव आला, मोजणी पळायला लागली, घमेली एकमेकांवर आपटायला लागली. एक माझ्या पायावर पडलं. सरांनी त्याला थांबवलं. "माझ्याकडं बघू नको. साखळीत सगळ्यात शेवटी कोण आहे?"

"काकू."

"काकूंच्या हातात घमेलं पोचलं की पुढचा आकडा."

मग तो माझ्याकडं बघत मोजायला लागला. माझी पाठ गेलेली, मी हळू, आणि ते पोर आकडा तोंडात धरून थांबलेलं, मी रिकामं करून वळले की "गो!" सोडायचं. दहापर्यंत गेलं की परत एकपासून. असं दोन तास. आजींच्या घरातून किती घमेली निघाली, ते त्यालाच माहीत असेल. मी तर मोजायचं सोडून दिलं होतं, आणि तेही हिशेबाचं काम करणारी बाई असून.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. मधे कोरोनाची दोन वर्षं गेली, क्लास मोबाइलवर चालला, त्यात कुणाचाच काता धड झाला नाही. २०२२च्या डिसेंबरात मला ब्लॅक बेल्ट मिळाला. लेकीनं नववीत कराटे सोडलं, आता बास्केटबॉल. मी चार दिवस रुसले आणि मग गप बसले. तो पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, गणपतीला येतो, आला की हॉलवर चक्कर मारतो आणि आधी बाथरूम बघून येतो. मामा गेले. शेवटच्या वर्षी त्यांनी एकदा मला अंगणात काता करताना पाहिलं आणि म्हणाले, "पाय जमिनीत रुततायत हां." तेवढ्यावर मी आठवडाभर हवेत होते.

हॉलमध्ये भिंतीवर आता दोन खुणा आहेत. मारुतीची तसबीर नवी आहे, वरच्या खुणेच्याही वर टांगलेली, त्यामुळं नमस्कार करताना मान मोडते.

माझ्याकडं सध्या आठ पांढरे पट्टे आहेत. त्यांच्या रांगेत शेवटी एक पंधरा वर्षांचा डावखुरा मुलगा उभा राहतो, मला मदतीला. पट्टा ब्राऊन. त्याला आता कुणी डावा-उजवा म्हणत नाही. परीक्षा पुढच्या रविवारी, परत मिरजेलाच. उद्या सकाळी सहाला पोरांना आमराईत बोलावलंय. तिथं भिंती नाहीत, फिरायला येणारे लोक मधून जातात, कुत्री येतात. मोजणी तो करणार आहे. मी त्याला एवढंच सांगून ठेवलंय की सुरुवातीला तोंड कुणीकडंही असू दे, पण पोरांपुढं कुठल्या झाडाचं नाव घेऊ नको.